धुराडे नसलेल्या प्रदूषणाची मोजदाद
कोळसा भरणाऱ्या रेल्वे साइडिंगची पर्यावरणीय तपासणी नेमकी कशी होते?

प्रतिनिधी

चंद्रपूर, घुग्घुस, वणी, राजुरा या कोळसा पट्ट्यातील गावांना धुळीचे नवल राहिलेले नाही. वाळत घातलेले कपडे, अंगणातील तुळस आणि वेचणीला आलेला कापूस या सर्वांवर बसणारी काळी पुटे हा तेथील रोजच्या जगण्याचा भाग झाला आहे. या धुळीचा एक मोठा उगम म्हणजे कोळसा जेथे ट्रकमधून उतरवून रेल्वेच्या वाघिणींत भरला जातो ती रेल्वे साइडिंग. धूळ वाढली की ग्रामस्थ तक्रार करतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी येऊन पाहणी करतात, अहवाल तयार होतो आणि पुष्कळदा 'प्रमाण मर्यादेच्या आत आहे' असे उत्तर मिळते. अंगण काळे आणि अहवाल स्वच्छ, हे कसे घडते, असा प्रश्न मग ग्रामस्थांना पडतो. त्याचे उत्तर तपासणीच्या पद्धतीत दडलेले आहे.

ट्रकपासून वाघिणीपर्यंत

खाणीतून निघालेला कोळसा टिपरमधून साइडिंगवर येतो. तेथे त्याचे ढीग रचले जातात. मालगाडी लागली की पेलोडर हे ढीग उपसून वाघिणींत ओततात. एका गाडीला साधारणतः ५८-५९ वाघिणी असतात आणि ती भरण्यासाठी चार हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. २५ टनांचा ट्रक धरला तर एका गाडीमागे सुमारे १६० फेऱ्या झाल्या. म्हणजे धूळ एका ठिकाणी उडत नाही. ती कच्च्या रस्त्यावर ट्रकच्या चाकांखाली उडते, कोळसा ओतताना उडते, उघड्या ढिगावरून वाऱ्याने उडते, पेलोडरचा पंजा उंचावरून रिकामा होताना उडते आणि भरलेली गाडी वेगाने धावू लागली की वाघिणींच्या माथ्यावरूनही उडते.

कारखान्याच्या धुराड्यातून बाहेर पडणारा धूर मोजणे तुलनेने सोपे असते. धुराड्याला भोक पाडून त्यात नळी घातली की काम होते. साइडिंगला मात्र धुराडेच नाही. अशा विखुरलेल्या धुळीला शास्त्रीय परिभाषेत 'फ्युजिटिव्ह' उत्सर्जन, म्हणजे निसटून जाणारे उत्सर्जन म्हणतात. हवेचे नमुने घेण्याविषयी हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, १९८१ मधील कलम २६ वाचले तर त्यात धुराडी, नलिका आणि तत्सम बहिर्गमनमार्गांचा उल्लेख आढळतो. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने कारखाना होता, उघडा मालधक्का नव्हता. त्यामुळे साइडिंगची तपासणी यंत्राइतकीच अधिकाऱ्याच्या नजरेवर आणि कागदपत्रांच्या पडताळणीवर अवलंबून राहते.

आधी कागद, मग कोळसा

पाहणीची सुरुवात संमतीपत्रापासून होते. हवा कायद्याचे कलम २१ आणि जल कायदा, १९७४ मधील कलम २५ यांनुसार मंडळाची संमती आवश्यक असते. उभारणीपूर्वी एक आणि प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी दुसरी, अशा दोन टप्प्यांत ती दिली जाते. संमतीपत्रात किती टन कोळसा हाताळता येईल, किती पाणी वापरता येईल, धूळ रोखण्यासाठी कोणती व्यवस्था असावी याच्या अटी असतात. अटी पाळल्या जाव्यात म्हणून महाराष्ट्रात अनेकदा बँक हमीही घेतली जाते आणि अटभंग झाल्यास ती जप्त करता येते.

येथे पहिली तपासणी क्षमतेची. संमती एका आकड्याची आणि प्रत्यक्ष हाताळणी दुसऱ्या आकड्याची, अशी तफावत शोधण्यासाठी अधिकाऱ्याला कोळशाचे ढीग मोजत बसावे लागत नाही. वजनकाट्याच्या पावत्या आणि रेल्वेने दिलेल्या मालवाहतुकीच्या पावत्या यांची बेरीज पुरते. खाण वा बंदराच्या प्रकल्पाला केंद्राची पर्यावरणीय मंजुरी लागलेली असेल, तर २००६च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार अटींच्या पूर्ततेचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. शिवाय संमतीधारकाला दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र सादर करावे लागते. हे दोन्ही कागद संमतीपत्राशेजारी ठेवून वाचले, की पुष्कळशा गोष्टी पाहणीआधीच स्पष्ट होतात.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. जमीन रेल्वेची, कोळसा खाण कंपनीचा, ट्रक वाहतूकदाराचे, पेलोडर कंत्राटदाराचा आणि बाहेरचा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, अशी विभागणी असेल तर धूळ कोणाची, यावर सहजच टोलवाटोलवी होते. म्हणून संमती नेमकी कोणाच्या नावावर आहे, हे प्रथम निश्चित करावे लागते. संमतीपत्रात ज्याचे नाव असते त्यालाच पुढे नोटीस जाते.

पाण्याचा हिशेब

धूळ दाबण्याचा सर्वांत जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे पाणी. रस्त्यावर टँकरने, ढिगांवर स्थिर फवाऱ्यांनी आणि ओतण्याच्या जागी बारीक तुषारांनी पाणी मारण्याची अट जवळपास प्रत्येक संमतीपत्रात असते. अधिकारी येणार म्हटल्यावर फवारे सुरू होणे ही काही अवघड गोष्ट नाही. त्यामुळे त्या दिवशी फवारा चालू आहे की नाही, यापेक्षा तो गेले तीन महिने चालू होता की नाही हे तपासणे महत्त्वाचे ठरते.

त्यासाठी साधे, पण नेमके मार्ग आहेत. टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही, पाण्याच्या मीटरवरील आकडे आणि पंपाच्या विजेचा वापर या तीन गोष्टी एकमेकींशी जुळायला हव्यात. नोंदवहीत रोज दहा फेऱ्या आणि मीटरवर चार फेऱ्यांचेच पाणी असेल, तर फवारणी कागदावरच झाली असे समजावे. नोंदवहीतील अनेक दिवसांच्या नोंदी एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात आणि एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसल्या, तरी जाणत्या अधिकाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. फवाऱ्याच्या तोटीवर जमलेला गंज आणि भोवतालची कोरडी जमीनही बोलकी असते.

पाणी मारण्यात कुचराई होते, त्यामागे केवळ निष्काळजीपणा नसतो. त्याला आर्थिक कारणे आहेत. कोळशाची प्रतवारी व किंमत त्याच्या उष्मांकावर ठरते. पाणी वाढले की वजन वाढते आणि प्रत्येक किलोमागे मिळणारी उष्णता घटते. त्यामुळे ओला कोळसा घेण्यास वीज केंद्रे नाखूष असतात. दुसरीकडे, मालगाडी ठरलेल्या वेळेत भरली नाही तर रेल्वे विलंब आकार लावते. गाडी उभी आणि घड्याळ धावत असताना पेलोडरचा पंजा हळू व खालून रिकामा करा, मध्येच थांबून पाणी मारा, असे सांगणारा मुकादम विरळाच.

यंत्र कोठे ठेवले?

प्रत्यक्ष धूळ मोजण्यासाठी 'हाय व्हॉल्यूम सॅम्पलर' किंवा त्या धर्तीचे यंत्र वापरले जाते. यंत्र हवा ओढून घेते, धूळ गाळणीच्या कागदावर अडकते आणि आधीचे व नंतरचे वजन यांतील फरकावरून प्रमाण काढले जाते. मिनिटाला साधारण एक घनमीटर हवा ओढणाऱ्या यंत्रातून २४ तासांत १,४४० घनमीटर हवा जाते. हवेत घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम धूळ असेल तर दिवसअखेर कागदाचे वजन अवघे १४४ मिलिग्रॅमने वाढलेले असते. एवढ्याशा फरकावर पुढची सारी कारवाई अवलंबून असते.

म्हणूनच यंत्र कोठे ठेवले, याला विलक्षण महत्त्व आहे. वारा ज्या दिशेला जातो त्या बाजूस यंत्र हवे. ते वाऱ्याच्या उगमाकडे ठेवले तर साइडिंगची धूळ त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही आणि अहवाल निर्दोष येईल. यंत्र चालू असताना गाडी भरली जात होती की साइडिंग रिकामी होती, हेही तितकेच निर्णायक असते. त्यामुळे चांगल्या अहवालात धुळीच्या आकड्यासोबत वाऱ्याची दिशा, यंत्राचे अंतर आणि त्या काळात भरलेल्या वाघिणींची संख्या नोंदलेली असते. या तीन नोंदी नसतील तर केवळ धुळीच्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही.

दोन मोजपट्ट्या

खरी गुंतागुंत मर्यादांची आहे. १८ नोव्हेंबर २००९ रोजी अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय मानकांनुसार दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांचे (पीएम १०) २४ तासांचे प्रमाण घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमपेक्षा आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे (पीएम २.५) प्रमाण ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. वर्षातील ९८ टक्के काळ ही मर्यादा पाळली जावी, आणि उरलेल्या दोन टक्क्यांतही ती सलग दोन दिवस ओलांडली जाऊ नये, असा दंडक आहे.

कोळसा खाणींसाठी मात्र सप्टेंबर २००० मध्ये स्वतंत्र मानके ठरवण्यात आली. त्यांत रेल्वे साइडिंग आणि कोळसा भरण्याच्या जागांचाही धुळीचे स्रोत म्हणून समावेश आहे. स्रोतापासून ५०० मीटरवर, वाऱ्याच्या दिशेने मोजणी करावयाची असते. वर्धा खोऱ्यासारख्या जुन्या कोळसा क्षेत्रांत श्वसनयोग्य धूलिकणांची २४ तासांची मर्यादा ३०० मायक्रोग्रॅम, तर नव्या खाणींसाठी २५० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे शहरातील नागरिकासाठी जी मर्यादा १००, तीच खाण परिसरात अडीच ते तीन पट.

यात एक तरतूद ग्रामस्थांच्या बाजूची आहे, पण तिची माहिती फार थोड्यांना असते. धुळीच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत निवासी वस्ती असेल तर तेथे खाणींची सैल मर्यादा लागू होत नाही, राष्ट्रीय मानकेच लागू होतात, असे याच अधिसूचनेत नमूद आहे. त्यामुळे घरे साइडिंगपासून किती मीटरवर आहेत, हे मोजपट्टीने मोजून अहवालात लिहिले जाणे अत्यावश्यक ठरते. ४८० मीटर आणि ५२० मीटर यांमध्ये कायद्याच्या दृष्टीने मोठी दरी आहे.

अंगण काळे आणि अहवाल स्वच्छ, या कोड्याचे उत्तरही येथेच मिळते. डोळ्यांना दिसणारी, तुळशीवर आणि कपड्यांवर बसणारी धूळ बहुतांशी जाड कणांची असते. २००९च्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषकांचा समावेश आहे. मात्र पूर्वीच्या मानकांत असलेली एकूण तरंगत्या धूलिकणांची मर्यादा त्यातून वगळण्यात आली आणि जमिनीवर साचणाऱ्या धुळीसाठी तर मर्यादाच नाही. आरोग्याच्या दृष्टीने बारीक कण अधिक घातक, कारण ते फुफ्फुसांत खोलवर जातात. त्यामुळे मानकांचा भर त्यांच्यावर असणे योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा, की शेतकऱ्याचा कापूस काळवंडला तरी त्याच्या नुकसानीला मोजणारा आकडा अहवालात नसतो. उलट, अंगण स्वच्छ दिसत असतानाही न दिसणारे बारीक कण मर्यादा ओलांडून गेलेले असू शकतात.

पावसाळ्यातील काळे पाणी

पावसाळ्यात धूळ बसते आणि तक्रारी ओसरतात. त्याच सुमारास दुसरे प्रदूषण सुरू होते. कोळशाच्या ढिगांवरून वाहणारे पाणी बारीक भुकटी घेऊन नाल्याला आणि तेथून नदीला मिळते. ते अडवण्यासाठी साइडिंगभोवती चर आणि शेवटी गाळ बसवण्याच्या टाक्या असाव्या लागतात. बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्यात तरंगत्या गाळाचे प्रमाण लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा आणि तेल-ग्रीसचे प्रमाण १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, तसेच सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान असावा, अशी खाणींसाठीची मर्यादा आहे. टाक्या आहेत की नाहीत यापेक्षा त्या पावसाळ्यापूर्वी उपसल्या होत्या की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. गाळाने काठोकाठ भरलेली टाकी असून नसल्यासारखीच.

नमुना घेण्याची पद्धत कायद्याने काटेकोरपणे बांधलेली आहे. जल कायद्याच्या कलम २१नुसार संबंधिताला नोटीस देऊन, त्याच्यासमक्ष नमुन्याचे दोन भाग करून, ते मोहोरबंद करून त्यांवर दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात. यांतील एखादी पायरी चुकली तर प्रयोगशाळेचा निष्कर्ष कितीही गंभीर असला तरी तो न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही. साइडिंगशेजारच्या गावांच्या दृष्टीने यंत्रांचा खडखडाटही तितकाच त्रासदायक असतो. खाणींच्या मानकांनुसार आवाजाची मर्यादा सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत ७५ आणि रात्री ७० डेसिबल आहे.

पाहणीनंतर काय?

पाहणी अहवालात त्रुटी आढळल्यास प्रथम कारणे दाखवा नोटीस निघते. उत्तर समाधानकारक नसेल तर हवा कायद्याच्या कलम ३१-अ आणि जल कायद्याच्या कलम ३३-अ अन्वये निर्देश देता येतात. त्यांत काम बंद करण्याचा, तसेच वीज व पाणीपुरवठा तोडण्याचा आदेशही येतो.

दंडाच्या तरतुदी अलीकडे बदलल्या आहेत. २०२३च्या जन विश्वास कायद्याने हवा कायदा व पर्यावरण (संरक्षण) कायदा यांतील बहुतेक उल्लंघनांसाठी असलेली कारावासाची शिक्षा वगळून त्याऐवजी दहा हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद केली. १ एप्रिल २०२४ पासून ती अमलात आली. याशिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रानुसार पर्यावरणीय भरपाई आकारली जाते. उद्योगाचा प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांतील दर, उद्योगाचा आकार आणि परिसराची लोकसंख्या या पाच घटकांचा त्यात गुणाकार असतो. लाल वर्गातील मोठ्या उद्योगाचे उदाहरण घेतल्यास निर्देशांक ८०, दर २५० रुपये, आकाराचा गुणक दीड आणि दहा लाखांहून कमी वस्तीसाठी एक, असा हिशेब होऊन दिवसाला ३० हजार रुपये येतात. अशी भरपाई आकारण्याचा अधिकार मंडळांना आहे, यावर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये शिक्कामोर्तब केले. या सूत्रात दिवसांची संख्या गुणली जात असल्याने पाहणी अहवालावरील तारखा महत्त्वाच्या ठरतात. उल्लंघन केव्हा सुरू झाले आणि केव्हा थांबले, हे नोंदलेच नसेल तर भरपाईचे गणित मांडता येत नाही.

त्याच महिन्यात केंद्राने पर्यावरण लेखापरीक्षण नियम, २०२५ जारी केले. मंडळांकडील मनुष्यबळाची कमतरता लक्षात घेऊन नोंदणीकृत खासगी लेखापरीक्षकांकडून तपासणीची सोय त्यांत आहे. कोणत्या उद्योगाकडे कोणता लेखापरीक्षक जाईल, हे उद्योगाने न ठरवता यादृच्छिक पद्धतीने ठरावे, हा त्यातील कळीचा मुद्दा आहे. तो कसोशीने पाळला गेला तरच या व्यवस्थेवर विश्वास बसेल.

गोव्यापासून चंद्रपूरपर्यंत

हा प्रश्न केवळ विदर्भाचा नाही. मुरगाव बंदरात आयात कोळसा जहाजांतून उतरवून वाघिणींत भरला जातो आणि कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो. वास्कोतील रहिवाशांची धुळीविषयीची तक्रार जुनीच आहे. कोळसा वाहतूक वाढेल या भीतीने रेल्वेच्या दुपदरीकरणाला विरोध करण्यासाठी नोव्हेंबर २०२० मध्ये चांदर येथे नागरिक रात्रभर रुळांवर उतरले होते. चंद्रपूरचे स्थान तर २००९ मध्येच केंद्रीय मंडळाच्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते. ८८ औद्योगिक परिसरांपैकी ज्या ४३ परिसरांना 'अतिप्रदूषित' ठरवण्यात आले, त्यांत त्याचा समावेश झाला.

कायमस्वरूपी उपाय अज्ञात नाहीत. बंदिस्त पट्ट्यावरून कोळसा थेट उंच कोठीत नेऊन खाली उभ्या वाघिणींत मोजून सोडण्याची पद्धत कोल इंडियाच्या खाणींमध्ये टप्प्याटप्प्याने आणली जात आहे. त्यात ट्रकच्या फेऱ्या, उघडे ढीग आणि पेलोडर हे धुळीचे तिन्ही मोठे स्रोत एकाच वेळी कमी होतात आणि गाडीही लवकर भरते. पण जेथे अशी व्यवस्था पोहोचलेली नाही, तेथे साइडिंगची तपासणी हाच गावकऱ्यांचा एकमेव आधार आहे.

नागरिकांनी काय मागावे?

तक्रार करताना 'धूळ फार आहे' एवढेच लिहिल्याने फारसे साधत नाही. संमतीपत्राची आणि पाहणी अहवालाची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. ती हाती आल्यावर पाच गोष्टी पाहाव्यात : संमती किती टनांची आणि प्रत्यक्ष हाताळणी किती, यंत्र वाऱ्याच्या कोणत्या बाजूस व किती अंतरावर होते, मोजणीच्या वेळी गाडी भरली जात होती का, वस्ती ५०० मीटरच्या आत असल्याची नोंद आहे का आणि पाण्याच्या मीटरचे आकडे नोंदवहीशी जुळतात का. पिकाच्या नुकसानीची तारीखवार छायाचित्रे आणि पंचनामा जवळ असल्यास अधिक उत्तम.

मंडळाकडून दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय खंडपीठाकडे जाता येते. पर्यावरणीय वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिने, तर नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांची मुदत आहे. सहा महिने बोलता बोलता निघून जातात. दिवाळीत काळवंडलेल्या कापसाची तक्रार पुढच्या पेरणीपर्यंत लांबली, तर एक वाट बंद झालेली असते.